बुचाचा नवा वायसर

खडकी, पुणे ३
गुरुवार, १६ नोव्हेंबर २००६

चिरंजीव अभय यास अप्पाचा आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

मी इकडे ठीक आहे. थंडी पडायला लागली, गुडघा कुरकुरतो, बाकी काही नाही. कल्याणीच्या छातीतला कफ सुटला का? वाफ घेते ना? जयाला इतक्यात शाळेत पाठवू नका. पाठवलीच तर रिक्षात मधे बसव, कडेला नको. आणि तुमच्या गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते, ती मी परवा घरी आलो तेव्हा बघितली. संपली आहे. नवी आणून बसव. रविवारी बघू म्हणू नकोस, आजच आण.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. फोनवर मला बोलता येत नाही रे. तू "बोला अप्पा" म्हणतोस. तीन वर्षं हे दोन शब्द ऐकले नव्हते. आता ऐकू येतात, आणि आले की तोंडाशी आलेलं पुन्हा पोटात जातं. "काही नाही, सहज केला" म्हणून ठेवून देतो. म्हणून कागद घेतला. सातवीपर्यंतचं शिक्षण आहे, अक्षर लावून वाच.

विषय पोपटचा आहे.

काल त्याला चौकीवर नेलं. पानशेतच्या बोट क्लबची रखवाली, शेड झाडणं, लोकांच्या बोटी ट्रॉलीवरून पाण्यात सोडणं, सगळं एकटा करणारा माणूस. दिगंबरने लिहून दिलंय की पोपटने तुमच्या बोटीच्या मागच्या, पाणी काढायच्या भोकाचं पितळी बूच भंगारात विकायला काढलं, म्हणून बोटीत पाणी भरलं. दिगंबर तुझ्या ऑफिसचा, बोटीतला भागीदार, त्याच्या शब्दाला वजन आहे. पण निम्मी बोट तुझी आहे. तुझा जबाब झाला, खाली तुझी सही आली, की गुन्हा पक्का होणार असं सेक्रेटरीबाई म्हणाल्या. अभय, सही करू नकोस. एवढंच मागायला हे पत्र आहे.

बोट बुडाली त्या रविवारी मी क्लबवर नव्हतो. बोट घेतल्यापासून मी चुकवलेला तो पहिला रविवार. तरी तू हॉस्पिटलात सांगितलेलं सगळं डोळ्यांसमोरून जात नाही. चालत्या बोटीत मागच्या भोकातून पाणी शिरत नाही, असलेलंही ओढून बाहेर जातं. बोट थांबली की शिरतं. म्हणून तुम्हाला कळलं नाही. पानशेतच्या पाण्यात मधोमध फोटो काढायला थांबलात. दिगंबर म्हणाला, "पाय ओले कशाने झाले?" तोवर मागची बाजू खाली बसलेली. इंजिन बंद पडलं, तुम्ही सगळे एका अंगाला धावलात आणि बोट उलटली. कल्याणीने जॅकेट घातलं होतं पण बकलं मोकळी, ते डोक्यावरून निघून गेलं. तुझं आणि दिगंबरचं सीटखाली, प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेलंसुद्धा नाही. जया तेवढी वर राहिली. निघताना तिने म्हणे हट्ट धरला, "आजोबांनी सांगितलंय, पट्टा पायातून घ्यायचा. नाहीतर जॅकेट वर जातं आणि माणूस खाली." तो पट्टा मीच शिवून दिलेला.

आणि पोपट काठावरून होडी घेऊन वल्ही मारत आला. आधी कल्याणीला वर घेतलं. त्याच्या तळहाताची सालटी निघाली होती, मी नंतर बघितली. दिगंबर म्हणतो, "बुडणार हे त्याला आधीच माहीत होतं, म्हणूनच होडी सोडून तयार बसला होता." म्हणजे तुम्ही बुडताना तो विडी ओढत काठावर बसला असता तर निर्दोष सुटला असता. वा रे न्याय!

बूच हादऱ्याने सुटलं असेल. तो उतार खडबडीत आहे, ट्रॉली आपटते. पितळ जड असतं, पाण्यात पडलं तर तळाला जाणार, कुणाला सापडणार? असं पुष्कळदा होतं. तू पोलिसांना असं सांग.

सोमवारी तू खोलीवर आलास. खाली फरशीवर बसलास, माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलंस आणि म्हणालास, "अप्पा, तुम्ही नसता तर आज जया नसती." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला अजून माझा वाटत नाही.

सत्काराचं तू म्हणालास. येत्या २६ तारखेला सगळे बोटमालक जमणार, आपापल्या बोटी तपासून घेणार, तुझ्या कंपनीतून पडदा आणि प्रोजेक्टर येणार, आणि सुरक्षेचा तास मी घ्यायचा. अभय, तीन वर्षं मी क्लबवरच्या त्या झाडाखाली स्टूल टाकून बसलो. सरकारी माणूस नाही, दंड नाही, पावती नाही. ज्याला वाटेल त्याने यावं. जॅकेटं, बूच, दोरी, शिट्टी, आग विझवायचं नळकांडं दाखवावं. सगळं असेल तर हिरवी पट्टी चिकटवून देतो, नसेल तर काय नाही ते सांगतो. पाटीवर लिहिलं होतं, "तपासणी मोफत आणि ऐच्छिक. बुडणेही ऐच्छिक." शेवटचं वाक्य सेक्रेटरीबाईंनी पुसायला लावलं. लोक जाता जाता विचारायचे, "काय काका, तुमची पट्टी लावली की बोट जास्त तरंगते का?" शनिवारच्या तासाला दोन-तीन माणसं यायची, त्यातला एक चहासाठी. आता सगळ्यांना यायचंय.

मला सत्कार नको. सुटका हवी आहे. पोपटची.

विहारात दोन-तीन दिवस गेलो नाही. कुणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हण.

कल्याणीला आणि जयाला आशीर्वाद. पत्र मिळालं की कळव. सही करू नकोस.

तुझा,
अप्पा


खडकी, पुणे ३
सोमवार, २० नोव्हेंबर २००६

चि. अभय यास आशीर्वाद, जयभीम.

बातमी चांगली आहे, म्हणून आधी तीच लिहितो. बूच सापडलं.

शनिवारी माझं पत्र वाचून तू फोन केलास. "अप्पा, लॉजिकली बघा ना. बूच आट्यांचं असतं, पिळून बसवतात. हादऱ्याने सुटत नाही, हे तुम्हीच सगळ्यांना शिकवता." बरोबर आहे. मीच शिकवतो. मग तू म्हणालास, "तुम्ही फार साधे आहात. लोकांचा उगाच कळवळा येतो तुम्हाला."

फोन ठेवला आणि दारात बायडाबाई उभी. पोपटची बायको. खडकीची खोली शोधत कशी आली कोण जाणे, इतक्या लांब ती एकटी कधी आली नसेल. मी चहा टाकला. तिने कप हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

म्हणाली, "सकाळी बोलावत्यात, अंधार पडला की सोडत्यात. मारत न्हाईत म्हंत्यात. पर घरी आला की भिताडाकडं तोंड करून बसतोय. क्लबातली खोलीबी खाली कराया सांगितली."

मी म्हटलं, "होईल सगळं नीट."

"कसं हुईल अप्पासाहेब? तुमचा ल्योक सही करणार हाय म्हंत्यात. तुमी सांगा की त्याला. तुमचं ऐकतोय आता. आमच्या ह्यांनी बूच काढलं असतं, तर तुमच्या नातीला वर काढाया कशापायी गेला असता? गप ऱ्हायला असता."

अभय, मी तिला सांगितलं की माझा मुलगा सही करणार नाही. तुझ्या वतीने शब्द दिला. रागावू नकोस.

म्हणून काल रविवारी पहिल्या गाडीने गेलो आणि शेडमागे शोधायला लागलो. तुमची ट्रॉली उभी असते तिथे, डाव्या चाकाच्या मागे, गवताच्या बुडख्यात, थोडं मातीत गेलेलं, पिवळं चमकलं. उचललं तर बूच. तुमचंच. डोक्यावरची पाकळी एका बाजूने वाकलेली आहे ना, तीच खूण. मी लगेच सेक्रेटरीबाईंच्या हातात दिलं आणि त्यांनी चौकीवर पाठवलं. म्हणजे कुणी विकलं नाही, कुणी चोरलं नाही. शनिवारी पाणी काढायला कुणीतरी सोडलं असणार, दिगंबरनेच सोडलं असेल, आणि लावायचं राहिलं, आणि पडलं गवतात. चूक कुणाचीही होऊ शकते. आता पोपटला सोडतील. सोडायलाच पाहिजे.

तू पुन्हा पुन्हा विचारशील म्हणून लिहितो, डाव्या चाकाच्या मागे.

काल तिथे तीन मालक आपण होऊन बोट घेऊन आले. "काका, बघा जरा." त्यातला एक तो पट्टी लावली की तरंगते का विचारणारा. जॅकेटांची बकलं स्वतःच लावून दाखवत होता. माझ्याकडून पट्टी वाकडी चिकटली. तो म्हणाला, "राहू द्या वाकडी. तुमच्या हातची आहे." उरलेल्या पट्ट्या मी खिशात घातल्या आणि मिळेल ती पहिली गाडी धरली.

जयाचं चित्र मिळालं. बोटीत सगळे हसताहेत आणि मी काठावर उभा. मला सगळ्यांपेक्षा मोठा काढलाय. मी एवढा उंच नाही, तिला सांग.

गॅसची नळी आणलीस का?

तुझाच,
अप्पा


खडकी, पुणे ३
शनिवार, २५ नोव्हेंबर २००६

अभय,

आज सुरुवातीला नेहमीचं लिहीत नाही. आशीर्वाद घ्यायचा की नाही, ते हे पत्र संपल्यावर तू ठरव.

गुरुवारी तुझा फोन आला. मला वाटलं, पोपट सुटल्याचं सांगायला केलास. तू म्हणालास, "अप्पा, पोलिसांनी ती जागा पंचनाम्यात बघितली होती. तिथे बूच नव्हतं. गवतसुद्धा कापून बघितलंय. म्हणजे कुणीतरी नंतर आणून टाकलं. त्याची बायको असणार. आता तिलाही बोलावणार आहेत." मग म्हणालास, "मी सोमवारी जाऊन सही करतो. आता मला शंका नाही. तुमच्यामुळेच प्रकरण उलगडलं."

माझ्यामुळेच.

अभय, बूच मी काढलं होतं.

हे वाक्य लिहून मी उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. ते तसंच आहे. आता बाकीचं लिहितो, नीट क्रमाने लिहितो, म्हणजे चौकीवरही हेच सांगता येईल.

बोट बुडाली त्याच्या आदल्या दिवशीची, शनिवारची दुपार. तुझी बोट ट्रॉलीवर, तुम्ही सगळे धूत होता. मी झाडाखालून उठून आलो. तू पाठ फिरवलीस, नेहमीसारखी. मी दिगंबरला विचारलं, उद्या कोण कोण? तो म्हणाला, "फॅमिली, काका. अर्धा तास फक्त. तुमची हिरवी पट्टी पुढच्या रविवारी नक्की." जॅकेटं पिशवीत, शिट्टी नाही, दोरी नाही, दुपारनंतर त्या पाण्यावर वारा उठतो हे कुणाला ठाऊक नाही. आणि जया धावत आली, "आजोबा, उद्या मी बोटीत बसणार!" तिला पोहता येत नाही. कल्याणीलाही येत नाही.

मी ओरडायला हवं होतं. पण तू बोट घेतलीस त्या पहिल्या दिवशी मी ओरडलो होतो. तुझ्या ऑफिसच्या सगळ्या लोकांसमोर. "ही बोट नाही, तिरडी आहे," असं बोललो होतो. लोक हसले. तू मला बाजूला घेऊन हळूच म्हणालास, "तुम्ही मला माझ्या माणसांत उभं राहू देणार नाही." आणि त्यानंतर तीन वर्षं घर बंद. तुझी आई आजारी असताना आलास तेवढाच. मी झाडाखाली तपासणी मांडून बसलो ती बोटींसाठी होती हे खरं, पण त्या झाडाखालून तू दिसायचास, हेही खरं. ओरडलो तर तेवढंही जाईल, अशी भीती. म्हणून तोंड बंद ठेवलं.

तुम्ही चहाला गेलात. मी खाली वाकलो, बूच सोडलं आणि खिशात टाकलं.

माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो, माफीसाठी नाही, तुला समजावं म्हणून. खडकीला लष्कराच्या बोटींच्या शेडमध्ये माझा जन्म गेला. तिथे बोट सोडण्याआधी हवालदार विचारायचा, "बूच?" आणि आमच्यातला एक जण वाकून भोकाला अंगठा लावून ओरडायचा, "बूच आहे!" ते ओरडल्याशिवाय बोट पाण्याला लागलेली मी एकदाही बघितली नाही. मला वाटलं, सकाळी तुम्ही वाकाल, अंगठा भोकात जाईल, बूच नाही म्हणून आरडाओरडा होईल, दिगंबर शिव्या देईल, पोपट शोधत फिरेल, आणि रविवार फुकट जाईल. बास. भजी खाऊन सगळे घरी. संध्याकाळी मी येऊन म्हणणार, अरे, हे बघा सापडलं.

तुम्ही काही तपासत नाही, तपासत नाही, म्हणून मी तीन वर्षं कंठशोष केला. आणि त्या दिवशी मी विसंबलो ते तुमच्या तपासण्यावर.

घरी येऊन बूच टेबलावर ठेवलं. बुचाच्या मुळाशी रबराची चकती असते, वायसर. तो चिरलेला होता. अशा वायसरने बूच लावलेलं असलं तरी पाणी झिरपतं. मला बघवेना. सायकलची जुनी ट्यूब काढली, कात्रीने गोल कापून नवा वायसर बसवला. आता हसू येतं की रडू ते कळत नाही. बूच पळवून आणलेला माणूस रात्री त्याला नवा वायसर बसवतोय.

रविवारी सकाळी फोन समोर ठेवून बसलो. वाटलं, आता वाजेल, क्लबवरून कुणीतरी विचारेल. वाजला नाही. आधी बरं वाटलं, रागारागाने घरी गेले असतील. मग डोक्यात आलं, कुणी वाकलंच नसेल तर? मी तुला फोन लावला. माझा नंबर बघून तू उचलायचा नाहीस, मला माहीत होतं, तरी लावला. पुन्हा लावला. कल्याणीचा लावला, तिला रेंज नव्हती. चपला उलट्यासुलट्या घालून बस धरली, स्वारगेटला एसटीत बसलो, शेजारच्या बाईला म्हणत होतो, ताई, ही गाडी जरा जोरात जात नाही का. खडकवासल्याच्या पुढे सेक्रेटरीबाईंचा फोन आला. "काका, घाबरू नका, सगळे वर आलेत."

तुझा फोन पाण्यात गेला. माझे ते कॉल तुला कधी दिसले नाहीत. मला त्याचं बरं वाटलं होतं. हेही लिहून टाकतो, नाहीतर उरलेलंही खोटं वाटेल.

मी हॉस्पिटलात सांगायला आलो होतो. खरं सांगतो. कल्याणीच्या नाकाला नळी होती, तू बाहेर बाकावर होतास. मी तोंड उघडणार तोच तू उठून मला मिठी मारलीस. तू शाळेत होतास तेव्हा मारायचास, त्यानंतर पहिल्यांदा. मी विचार केला, उद्या सांगू. सोमवारी तू खोलीवर आलास, वाटलं, आजचा दिवस राहू दे. मग तुझा रोज फोन. जयाचं चित्र. मला एकेक दिवस हवासा झाला रे. अजून एक, मग सांगू. त्या एकेका दिवसासाठी पोपट भिंतीकडे तोंड करून बसला.

आणि ते गवतातलं बूच मीच नेऊन टाकलं होतं आणि मीच शोधलं. पोपटला सोडवायला गेलो आणि बायडाबाईलाही अडकवलं. तुझा बाप कशातही हात घालतो आणि ते बुडतं.

विहारात गेलो नाही त्याचं कारण गुडघा नाही. पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलाशी माझा आवाज बसतो. न दिलेलं घेणार नाही. शेजारचे मोठ्याने म्हणतात आणि मी ओठ हलवतो.

तू म्हणशील, अप्पा, पोपटला वाचवायला बोलताय, त्याच्यासाठी अंगावर घेताय, तुम्ही फार साधे आहात. म्हणून या पाकिटात जुना चिरलेला वायसर घातलाय. दिगंबरला दाखव, तुमच्याच बुचाचा आहे, तो ओळखेल. चौकीवरच्या बुचाचा वायसर काढून बघा. ट्यूबचा आहे, एका कडेला कात्री घसरल्याची खाच आहे. ज्या ट्यूबमधून कापला ती मी सोबत घेऊन चाललोय, भोक जुळवून बघतील. बूच चोरून त्याला नवा वायसर बसवणारा चोर भंगारवाल्याकडे जात नाही.

आता मी हडपसरला येतोय. वर येणार नाही. तुमच्या सोसायटीच्या गेटवर हे पाकीट देईन आणि तसाच निघेन. बायडाबाईला निरोप पाठवलाय, ती स्वारगेटला भेटेल. तिला अजून काही सांगितलेलं नाही, गाडीत सांगणार आहे. तिथून आम्ही चौकीवर. माझा जबाब आधी होईल, म्हणजे सोमवारी तुला सहीच करायची वेळ येणार नाही. पुढे काय होईल मला माहीत नाही. वकील बघू नकोस. आलास तर ये, नाही आलास तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण मी तसं म्हणेन.

दोन गोष्टी मागतो.

उद्या पोपटकडे तू स्वतः जा. माणूस पाठवू नकोस. त्याने कल्याणीला वर काढलं तेव्हा तू त्याचा हात धरला होतास, हे तूच मला सांगितलंस.

आणि उद्याची तपासणी बंद करू नकोस. मला तीच भीती जास्त आहे. लोक म्हणतील, बोट म्हाताऱ्यानेच बुडवली, मग कसली तपासणी आणि कसला तास, चला चहा प्यायला. त्यांना म्हण, म्हातारा वाईट होता, त्याने सांगितलेलं वाईट नव्हतं. पडदा लाव, प्रोजेक्टर लाव. तास तू घे. तुला येतो. तू लहान असताना शेडमध्ये डबा घेऊन यायचास तेव्हा सगळं बघितलंयस. हारतुरे आणले असतील तर परत देऊन टाक. माझ्या नावाने एक शब्द बोलायचा असेल तर एवढंच सांग, की या बोटीला बूच नव्हतं, ते काढणारा एक होता, पण बघणारा एकही नव्हता. नाही, राहू दे. हे मी स्वतःला सोडवायला लिहिलं असं वाटेल. खोडून टाक. हे बोलू नकोस.

जयाला काय सांगशील ते तू आणि कल्याणी ठरवा. खोटं सांगू नका, एवढंच. ती पुन्हा कधी पाण्याजवळ गेली, जाईलच, पोरगी धीट आहे, तर तिला शिकव. पट्टा पायातून. बकलं लावलेली. आणि निघण्याआधी खाली वाकून भोकाला अंगठा लावून स्वतः बघायचं. बाबांनी बघितलंय म्हणाले तरी बघायचं. आजोबांनी बघितलंय म्हणाले, तर आधी बघायचं.

जयाचा आजोबा,
आणि तू ठेवलंस तर तुझा,
अप्पा